ह्यूस्टनची फिर्याद

रॅपचा इतिहास ज्या क्रमाने सांगितला जातो, तो आता रसिकांना पाठ झाला आहे. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कने एका घरगुती पार्टीत तबकड्या फिरवल्या आणि ही कला जन्मली. ऐंशीच्या दशकात रन-डीएमसी, राकिम, पब्लिक एनिमी यांनी तिला भाषा दिली. दशक संपता संपता लॉस एंजेलिसच्या एन.डब्ल्यू.ए.ने तिच्यात संताप ओतला. १९९४ साली नाझचा 'इलमॅटिक' आणि नोटोरियस बी.आय.जी.चा 'रेडी टू डाय' आले आणि तिला स्वतःच्या आत डोकावता येऊ लागलं. मग दक्षिणेचं काय? टेक्सस, जॉर्जिया, लुइझियाना, फ्लोरिडा यांचं काय? तिथल्यांनी, या इतिहासानुसार, नाचायला ठेका दिला, थोडी अश्लीलता दिली, थोडं रक्त सांडलं. आणि अटलांटाच्या आउटकास्टने १९९५ साली पुरस्कार सोहळ्यात न्यूयॉर्ककरांना तोंडावर सुनावलं, तेव्हा कुठे तिकडेही बोलण्यासारखं काही आहे हे जगाला कळलं.

आपल्याकडेही हा इतिहास याच वाटेने आला. २०१९ च्या 'गली बॉय'ने रॅप मराठी घरांतल्या दिवाणखान्यात नेला, आणि त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कार्यकारी निर्माता म्हणून नाव होतं न्यूयॉर्कच्या नाझचं. कुर्ल्या-अंधेरीच्या पोरांनी आपला पूर्वज नाझच्या क्वीन्सब्रिजच्या इमारतींत शोधावा यात गैर काही नाही. पूर्वजांची यादी तिथेच बंद करणं मात्र गैर आहे. त्या यादीत ह्यूस्टनच्या ब्रॅड जॉर्डनचं, म्हणजे 'स्कारफेस'चं, नाव वरच्या ओळींत हवं. ते तळटिपेत ढकललं गेलं. त्या निवाड्यावर हे अपील आहे, आणि ते वाचकांपुढे चालायचं आहे.

पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीने मांडतो. लंगडा करून मांडलेल्या पक्षाला हरवण्यात काय मौज? तो म्हणतो: स्कारफेस ज्या 'गेटो बॉईज' या त्रयीतून पुढे आला, तिचं नाव झालं ते बीभत्सपणामुळे. १९९० साली त्यांच्या अल्बमचं वितरण करायला गेफन या बड्या कंपनीने नकार दिला. १९९५ साली सिनेटर बॉब डोल यांनी करमणूक उद्योगाला धारेवर धरताना ज्यांची नावं घेतली, त्यांत हेही होते. पुढे स्कारफेस एकटा गाऊ लागला, बरा गायला. पण त्याची भाषा साधी, गती संथ, यमकं सरळ. राकिम किंवा नाझ यांच्या शेजारी बसवावी अशी वीण तिच्यात नाही. त्याची लोकप्रियता प्रादेशिक. खरी मान्यता मिळाली ती न्यूयॉर्कच्या डेफ जॅम कंपनीच्या छत्राखाली गेल्यावर. आणि या सगळ्याच्या मुळाशी गुन्हेगारीचं उदात्तीकरण आहे ते आहेच.

हा पक्ष अडाण्यांचा नाही. तो मांडणाऱ्यांनी गाणी ऐकलेली आहेत, आणि त्यांचे बरेचसे तपशील बरोबर आहेत. चुकला आहे तो निष्कर्ष.

बीभत्सपणाचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यातला एक भाग मला विनाशर्त मान्य आहे. गेटो बॉईजच्या १९८९ च्या अल्बममधलं 'माइंड ऑफ अ लुनॅटिक' हे गाणं खुनी माणसाच्या तोंडून खून, बलात्कार आणि प्रेतविटंबना सांगतं. त्या ओळींचं समर्थन मी करणार नाही. बोलणारं पात्र आहे, कवी नव्हे, ही नेहमीची ढाल इथे तोकडी पडते. त्या गाण्यात पात्राला तोलून धरणारं दुसरं काहीच नाही. शिवाय बायकांविषयीची तुच्छता हा त्या काळच्या रॅपचा सर्वप्रांतीय रोग होता, आणि ह्यूस्टन त्यातून मुक्त नव्हतं.

पण गेफनचा नकार पुरावा म्हणून किती टिकतो? १९९० साली निर्माता रिक रूबिनने गेटो बॉईजची जुनी गाणी नव्याने बांधून आपल्या डेफ अमेरिकन या लेबलतर्फे काढायचं ठरवलं, आणि त्या लेबलचं वितरण गेफनकडे होतं. गेफनने हात वर केले. इंडियानातल्या टेर होट इथल्या कारखान्याने सीडी छापायलाही नकार दिला. शेवटी दुसरा वितरक शोधावा लागला. इथवर सगळं खरं. आता चार वर्षं मागे जा. १९८६ साली स्लेअर या मेटल बँडचा 'रेन इन ब्लड' अल्बम रूबिननेच तयार केला होता. त्यातलं पहिलंच गाणं आउशविट्झच्या छळछावणीतल्या डॉक्टर मेंगेलेच्या क्रौर्याची यादी वाचतं. कोलंबिया कंपनीने तो अल्बम हाताळायचं नाकारलं, आणि तो बाजारात आणला कोणी? गेफनने. अँड्र्यू डाइस क्ले या विनोदवीराची बायकांची बेसुमार टिंगल करणारी तबकडीही डेफ अमेरिकनची, तीही गेफनच्याच वितरणातून विकली गेली. म्हणजे रक्त चाललं, मेंगेले चालला, बायकांची टिंगल चालली. ह्यूस्टनचे काळे तरुण चालले नाहीत. कारण काय असावं ते वाचकांनी ठरवावं. पण ज्या निकषाने हा नकार दिल्याचं सांगितलं जातं तो निकष त्या कंपनीने स्वतः पाळला नव्हता, एवढं कागदावर सिद्ध आहे. असा नकार कलेच्या दर्जाचं प्रमाणपत्र कसा होईल?

डोलसाहेबांचं भाषण ३१ मे १९९५ चं. तोवर स्कारफेसचा 'द डायरी' हा अल्बम येऊन सात महिने झाले होते, आणि त्यात 'हँड ऑफ द डेड बॉडी' हे गाणं होतं. समाजातल्या हिंसेचं खापर रॅपवर फोडणाऱ्यांना त्यात स्कारफेस, आइस क्यूब आणि डेव्हिन द डूड यांनी मुद्देसूद उत्तर दिलं होतं. आरोपाच्या आधी उत्तर तयार होतं. भाषण लिहिणाऱ्याने ते ऐकलं असतं, तर निदान उलटतपासणी तरी झाली असती.

'प्रादेशिक' हा शेरा फार वेळ घेणारा नाही. १९९३ चा 'द वर्ल्ड इज युवर्स' बिलबोर्डच्या मुख्य यादीत सातव्या क्रमांकावर गेला, १९९४ चा 'द डायरी' दुसऱ्या, १९९७ चा 'द अनटचेबल' थेट पहिल्या. त्याच यादीत 'इलमॅटिक'ची मजल बाराव्या क्रमांकापर्यंत गेली होती. विक्री म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मी शंभरदा मान्य करीन. पण प्रादेशिकतेचा आरोप विक्रीच्याच आधारावर केला जातो, तेव्हा उत्तरही त्याच वहीतून द्यावं लागतं. आणि हे सगळं उभं राहिलं ते ह्यूस्टनमधल्याच 'रॅप-अ-लॉट' कंपनीवर. तेलाचे भाव कोसळून ते शहर मंदीत सापडलेलं असताना, जेम्स स्मिथ या जुन्या मोटारी विकणाऱ्या तरुणाने ती सुरू केली. जे. प्रिन्स या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. धाकट्या भावाला रस्त्यावरच्या धंद्यांपासून दूर ठेवावं हा त्यामागचा एक हेतू होता. न्यूयॉर्कचा दरवाजा बंद असेल तर घरचं दार बांधायचं, ही रीत दक्षिणेला तिथून सापडली.

साधेपणाच्या आरोपापाशी मात्र थांबायला हवं. तो गंभीर आहे आणि तो करणारे बहुधा जाणकार असतात. राकिमने ओळीच्या आत यमकांची जी जाळी विणली, कूल जी रॅपने अक्षरांची जी गर्दी केली, ती स्कारफेसकडे नाही हे खरं. पण गुंतागुंत ही काव्याची एकच कसोटी कोणी ठरवली? अभंग सोपा आहे म्हणून तो पंडिती काव्याच्या खाली बसवायचा का?

'आय सीन अ मॅन डाय' घ्या. तुरुंगातून सुटून आलेल्या एका माणसाची गोष्ट: बाहेर आल्यावर त्याला सरळ वागायचं आहे, वागता येत नाही, आणि शेवटी तो मरतो. एवढंच कथानक. कारागिरी आहे ती निवेदनात. सुरुवातीला गायक त्या माणसाकडे बाहेरून बघतो, शेजाऱ्याने बघावं तसा. मरणाच्या क्षणी तो त्याच्या उशाशी येतो आणि त्यालाच उद्देशून बोलू लागतो, कीर्तनकाराने ऐकणाऱ्याला समजावावं इतक्या शांतपणे. सुडाची भाषा नाही, पोलिसांना शिवी नाही. अंग गार पडत जातं तसतसा आवाज आणखी खाली येतो. या गाण्यात ओळीओळीला तीन-तीन यमकं कोंबली असती तर ऐकणाऱ्याचं लक्ष मरणाऱ्यावरून उठून गाणाऱ्यावर गेलं असतं. साधेपणा ही इथे निवड आहे. ज्याला निवड करता येते त्याला कारागीर म्हणतात.

संथपणाचंही तेच. ह्यूस्टनमध्ये डीजे स्क्रू नावाचा कलावंत नव्वदच्या दशकात अख्खी गाणी मुद्दाम मंद करून कॅसेटवर उतरवत होता, आणि त्या कॅसेटसाठी लोक त्याच्या दाराशी रांगा लावत होते. त्या शहराच्या कानाला संथ लय ही उणीव वाटत नव्हती, ती तिथली चव होती. 'द डायरी'त एन. ओ. जो आणि माइक डीन यांनी स्कारफेससोबत जो ध्वनी घडवला, त्यात बेस गिटार आणि ऑर्गन यांचा दाट गाळ आहे. दक्षिणेतली चर्चं आणि ब्लूज दोन्ही त्यात ऐकू येतात. हाच माइक डीन पुढे कान्ये वेस्टच्या आणि ह्यूस्टनच्याच ट्रॅव्हिस स्कॉटच्या अल्बममागे उभा दिसतो. एकविसाव्या शतकातल्या रॅपचा जो भव्य, काळोखी नाद आज जगभर ऐकला जातो, त्यातला मोठा वाटा टेक्ससमध्ये कमावलेल्या कानाचा आहे. हे न्यूयॉर्कच्या हिशेबात कुठे जमा करायचं?

आता न्यूयॉर्कने मान्यता दिल्याचा मुद्दा. पूर्वपक्षाचा क्रमच इथे उलटा आहे. २००० सालच्या सुमारास डेफ जॅमला दक्षिणेत शाखा काढायची होती. त्या 'डेफ जॅम साउथ'च्या प्रमुखपदी त्यांनी स्कारफेसला बसवलं, आणि त्याच्या कारकिर्दीत अटलांटाचा लुडाक्रिस त्या कंपनीकडे आला. गरज कोणाला होती आणि पारख कोणाकडे होती? 'द सोर्स' या न्यूयॉर्कच्या मासिकाने त्याला वर्षाचा सर्वोत्तम गीतकार ठरवलं ते २००१ साली. डेफ जॅमच्या छत्राखालच्या ज्या 'द फिक्स'मुळे त्याला मान्यता मिळाली असं म्हणतात, तो अल्बम आला त्याच्या पुढच्या वर्षी. त्याला त्याच मासिकाने पाचपैकी पाच माइक दिले. फळ आधी आणि फूल नंतर, असं कधी होतं का?

जे-झीच्या २००० सालच्या 'धिस कान्ट बी लाइफ' या गाण्यात स्कारफेसचं एक कडवं आहे. मित्राचा फोन आला, त्याचं मूल गेलं, आणि मघापर्यंत जे म्हणायचं होतं ते आता म्हणण्यात अर्थ उरला नाही, असा त्याचा आशय. गाणं यजमानाचं, पण ते संपल्यावर लक्षात राहतो पाहुणा. आणि 'द फिक्स'मध्ये एका गाण्यात त्याच्यासोबत कोण आहे? नाझ. ज्या साक्षीदाराला पूर्वपक्षाने आपला म्हणून उभा केला, तोच इथे आमच्या बाजूला येऊन बसलेला आहे.

राहता राहिलं उदात्तीकरण. विरोधकांपेक्षा चाहत्यांनीच या बाबतीत जास्त गोंधळ घातला आहे. १९९९ च्या 'ऑफिस स्पेस' या विनोदी चित्रपटात तीन वैतागलेले कर्मचारी ऑफिसचा बिघडलेला प्रिंटर माळावर नेऊन बॅटने फोडतात आणि मागे गेटो बॉईजचं गाणं वाजतं. दृश्य झकास आहे, मीही हसलो आहे. पण एका पिढीला गेटो बॉईज म्हणजे तो प्रिंटर एवढंच माहीत, हा सौदा महागात पडला. स्कारफेसच्या स्वतःच्या अल्बममध्ये गुन्हेगार आहेत, पण सुखी गुन्हेगार शोधून दाखवावा. 'नाउ आय फील या'मध्ये तर तो बाप झालेला माणूस म्हणून बोलतो आणि वडीलधारी मंडळी आपल्याला काय सांगत होती ते आता उमगलं असं कबूल करतो. याला गुन्ह्याची जाहिरात म्हणणाऱ्याने जाहिरात पाहिलेली नाही. २०१९ साली हाच माणूस, ज्या दक्षिण ह्यूस्टनमध्ये तो वाढला त्या भागातून, नगर परिषदेच्या निवडणुकीला उभा राहिला, दुसऱ्या फेरीपर्यंत गेला आणि हरला. पुढच्या वर्षी कोविडने त्याची मूत्रपिंडं निकामी केली, तो डायलिसिसवर गेला, आणि २०२१ साली मुलाने दिलेल्या मूत्रपिंडावर परत उभा राहिला. सभ्यतेचा दाखला म्हणून मी हे सांगत नाही, कारण कवीला दाखल्याची गरज नसते. ज्या वस्तीवर त्याने तीस वर्षं लिहिलं तिच्याशी त्याचं नातं केवळ विक्रीपुरतं होतं, या कुजबुजीला मात्र हे उत्तर आहे.

इथवरचे सगळे मुद्दे मी हरलो तरी शेवटचा एक पुरेसा आहे. रॅपमधला अंतर्मुखतेचा प्रवाह १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये उगम पावला, हे पूर्वपक्षाचं, म्हणजे त्या पाठ झालेल्या इतिहासाचं, मुख्य विधान आहे. ते तारखेवरच मोडतं.

१९९१ साली गेटो बॉईजचा 'वी कान्ट बी स्टॉप्ड' आला. त्याच्या मुखपृष्ठावर, डोळ्यात गोळी लागलेल्या, त्यांच्यातल्याच बुशविक बिलला रुग्णालयातल्या स्ट्रेचरवर बसवून दोघे साथीदार नेताना दिसतात. ते छायाचित्र पाहून पुन्हा तोच बीभत्सपणा असं म्हणत ज्यांनी तबकडी खाली ठेवली, त्यांचं एक गाणं ऐकायचं राहून गेलं: 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी'. आयझॅक हेजच्या १९७४ च्या एका चित्रपट-संगीतातली गिटारीची हळवी लकेर खाली फिरत राहते, आणि वर बोलतो तो माणूस रात्री झोपू शकत नाही. त्याच्याकडे पैसा आहे, दरारा आहे, शत्रूही आहेत. पण जो त्याच्या मागावर आहे तो बाहेरचा कोणी नाही. आत्महत्येचा विचार मनात येतो आणि मुलाच्या आठवणीने थांबतो. जिला जपायला हवं होतं ती बाई हातची गेली, त्याचा सल आहे. शेवटच्या कडव्यात बुशविक बिल एका धिप्पाड शत्रूला मुठींनी ठोकत सुटतो, आणि भानावर येतो तेव्हा समोर कोणीच नसतं. रस्त्याचं काँक्रीट असतं आणि स्वतःचे रक्ताळलेले हात.

हे गाणं बिलबोर्डच्या एकेरी गाण्यांच्या यादीत तेविसाव्या क्रमांकावर गेलं. त्याचा बराचसा भाग स्कारफेसने लिहिला होता, आणि तो लिहिताना तो विशीत नुकता आला होता. हा अंधार त्याने कुठून आणला हे त्याने २०१५ च्या आत्मचरित्रात सांगितलं आहे: शाळकरी वयात त्याने स्वतःला संपवायचा प्रयत्न केला होता आणि मनोरुग्णालयात काही काळ काढला होता. टोळीवाल्याचा मुखवटा घातलेल्या कलेत, काळ्या पुरुषाने घाबरणं हाच गुन्हा मानणाऱ्या त्या वातावरणात, एकविशीच्या आतल्या पोराने घाबरलेल्या मनाला निवेदक केलं. 'माइंड ऑफ अ लुनॅटिक' आणि या गाण्यात दोनच वर्षांचं अंतर आहे. पहिल्यात खुनी आपलं काम सांगतो, दुसऱ्यात तो आपली निद्रानाशाची रात्र सांगतो. याच दोन वर्षांत रॅपला अंतःकरण फुटलं, आणि ते ह्यूस्टनमध्ये फुटलं.

यावर जाणकार दोन हरकती घेतील, आणि त्या घ्यायलाच हव्यात. पहिली, १९८२ चं 'द मेसेज': त्यातही कडेलोटाला आलेला माणूस आहे. आहे, पण त्याला कडेला ढकलते ती परिस्थिती, गळकी घरं, बेकारी, घरमालक. स्वतःच्या हातून घडलेल्याचं ओझं त्याच्यावर नाही. तो पीडित आहे, अपराधी नाही. दुसरी, केआरएस-वनचं १९९० चं 'लव्हज गॉना गेटचा': तिथे तर अमली पदार्थ विकणारा तरुण प्रथमपुरुषी बोलतो. खरं आहे, आणि गाणं उत्तम आहे. पण तो तरुण हे एक उदाहरण आहे. त्याच्या मागे शिक्षक छडी घेऊन उभा आहे आणि गोष्टीचं तात्पर्य आधीच ठरलेलं आहे. स्कारफेसच्या गाण्यात शिक्षक नाही, तात्पर्य नाही, सुटकाही नाही. काँक्रीटवर मुठी आपटणारा माणूस कुठलाच धडा शिकत नाही.

'रेडी टू डाय'च्या अखेरीला नायक स्वतःला संपवतो, म्हणून त्या अल्बमला अंतर्मुखतेचा मानदंड मानतात. मानावा. फक्त त्याच्या तीन वर्षं आधी तेच दार ज्याने उघडलं त्याचं नाव पुसू नये. १९९१ च्या आधीचं, न्यूयॉर्कचं किंवा लॉस एंजेलिसचं, असं एखादं गाणं पूर्वपक्षाने दाखवावं ज्यात गुन्हा करणारा हात आणि त्या हाताला घाबरणारं मन एकाच माणसाचं आहे. युक्तिवाद नको. वर्ष छापलेली तबकडी पुरेल.